माझी रूम पार्टनर, ईनबाई

अंजनाबाई, आता तुला तूच म्हणते. तुझी लेक माझी सून, म्हणून वीसेक वर्षं आपण एकमेकींना ईनबाई म्हणत आलो आणि अहो-जाहो करत आलो. शेवटच्या दोन वर्षांत तू हट्टच धरला होतास, ‘मले तू म्हन.’ माझ्या तोंडातून ते निघेना. तू असताना निघालं नाही आणि आता बघ कसं सुरळीत निघून राहिलं. उलटून बोलायला तू समोर नाहीस, म्हणून असेल.

परवा मुर्रीला, तुझ्या गावी, तुझं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, मग भाषणं. कुणी म्हणालं बाई कष्टाळू होती, कुणी म्हणालं मायाळू होती. मी मागच्या सतरंजीवर बसून वाट पाहत होते, की बाई भांडखोर होती हे कुणी सांगतं का. कुणीच नाही सांगितलं! अगं, ते सोडून तू कशी सांगून होशील? मलाही दोन शब्द बोला म्हणाले. मी हात जोडले. मला जे बोलायचं होतं ते माइकवर बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून चिचगडला परत आले आणि लिहायला बसले.

सुरुवात भांडणापासूनच करते. आपली खरी ओळख तिथूनच झाली.

पौर्णिमा, माझी नात आणि तुझीही, बारावी पास झाली आणि गोंदियाच्या कॉलेजात तिचा नंबर लागला. चिचगडहून रोज गोंदियाला जाणं-येणं होणारं नव्हतं. माझ्या लेकाला, विलासला, त्यात काही अडचणच दिसेना. मुर्री गोंदियाला लागून, मुर्रीला पोरीच्या आजीचं घर, घरात खोली. झालं. आम्ही ट्रंक, गादी, तांदळाची बोरी घेऊन तुझ्या दारात उभे. तू पाणी दिलंस, पोहे दिलेस, आणि पोह्यांवर कोथिंबीर टाकता टाकता म्हणालीस, “माह्या घरी नाई ठेवत.”

मला वाटलं थट्टा करतेस.

“काऊन?”

“नाई ठेवत म्हनजे नाई ठेवत. होस्टेलात टाका.”

“आजीचं घर असून पोरगी होस्टेलात? लोक काय म्हनतील, ईनबाई?”

“लोक नाई व परीक्षा देऊन राहिले. पोरगी देऊन राहिली.”

मी प्लेट खाली ठेवली. तू बोलतच होतीस. “इथं राहिली तं सकारी उठून काय करंल? ढोराचं शेन काढंल, मंग पानी भरंल, मंग माह्या नातवाले आंघोळ घालंल. मी नाई सांगनार तं सून सांगंल. सून नाई सांगनार तं पोरगी आपूनच करंल, बसून खाची लाज वाटंल तिले. होस्टेलात कोनाची लाज?”

मला ते एक अक्षर पटलं नाही. मी मनात पक्कं केलं की तुझ्या सुनेनंच नको म्हटलं असणार आणि तू तिच्यावर पांघरूण घालतेस. पुढे कितीदा तुला खोदून विचारलं. दर वेळी तू हसायचीस आणि म्हणायचीस, “तुमाले जे वाटते थेच खरं.” या उत्तरानं माझा किती जीव जाळला आहेस तू!

आणि होस्टेलात टाका म्हणणारी तू तरी कुठे होस्टेल ओळखत होतीस? पौर्णिमाला सोडायला आपण दोघी गेलो, तर तुझ्या पिशवीतून काय निघालं? चिन्नोर तांदळाची थैली आणि घडी न मोडलेलं जांभळं लुगडं. मुलगी सासरी सोडताना सासूला मानाचं लुगडं द्यायचं, ही आपल्याकडची रीत. तू ती रीत वॉर्डन मॅडमपुढे मांडलीस. वॉर्डन म्हणजे कोण, तर पंजाबी ड्रेस घातलेली, तुझ्या लेकीच्या, आपल्या मायाच्याच वयाची एक बाई. ती दोन पावलं मागे सरकली.

“मावशी, ये क्या है? असं काही घेता येत नाही मला.”

“रंग नाई आवडला?”

“रंग अच्छा है, मावशी. पण नियम नाही.”

तू तिथेच, फाटकाच्या आत, फरशीवर मांडी घातलीस. “लुगडं नाई घेत तं पोरगी नाई सोडत.” कारण आपल्याकडे सासूनं लुगडं नाकारलं म्हणजे मुलगीच नाकारली. चौकीदार हसायला लागला. वरच्या मजल्यावरून पोरी वाकून पाहत होत्या. पौर्णिमाला कुठे तोंड लपवू असं झालेलं. आणि मी? मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. म्हटलं, बरं झालं, आता सामान उचलू आणि मुर्रीला परत जाऊ.

पण ती बाई हुशार. ती तुझ्याजवळ पायरीवर येऊन बसली.

“लुगडं कुणाला देतात, मावशी?”

“पोरीच्या सासूले.”

“मी तिची सासू नाही.”

“मंग कोन हायेस तू?”

“वॉर्डन.”

“थे काय करते?”

“संध्याकाळी हजेरी घेते. कुणी आजारी पडली तर दवाखान्यात नेते. कुणी वेळेवर आली नाही तर घरी फोन करते.”

“पोरीकडून काम काय करून घेशील?”

“कुछ नहीं.”

“पानी कोन भरते?”

“नळ आहे.”

“भाकर?”

“मेस आहे. तिथे बाया आहेत स्वयंपाकाला.”

तू तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलंस. “अना तुले काय भेटते मंग?”

“पगार मिळतो, मावशी.”

तू इतकी मोठ्यानं हसलीस की वरच्या पोरीही हसल्या. “हे बेस हाये! पगार भेटते म्हनून पोरीच्या मागं लागत नाई.” लुगडं परत पिशवीत गेलं. तांदूळ मात्र तू मेसच्या बायांच्या हवाली करूनच निघालीस, तिथे नियम विचारलाच नाहीस. रस्त्यानं ऑटोत तू एकदम म्हणालीस, “ईनबाई, पोरगी देतो अना कोनी तिले काम नाई सांगत, अशी जागा मी जलमात पाह्यली नव्हती.” आणि बसस्टँडवर ते लुगडं माझ्याच हातात कोंबलंस. “घ्या. सासू तं कोनीतरी पायजे.”

तुझा होस्टेलचा अभ्यास त्या दिवसापासून सुरू झाला. मुर्री जवळ, म्हणून तू पौर्णिमाची लोकल गार्डियन झालीस. रविवारी पोरगी बाहेर जाणार तर फक्त तुझ्याकडे, आणि न्यायला तूच यायचं. सही करायला तू पाटीवर गिरवून गिरवून शिकलीस. रविवारी रात्रीचं जेवण झालं की तुझा मला फोन यायचा, जशी काही माझीच परीक्षा जवळ आली होती. रेक्टर वॉर्डनच्या वर असतात, पण रोज दिसत नाहीत. मेस सेक्रेटरी म्हणजे कुणी साहेब नाही, पोरींनीच निवडलेली पोरगी, ती दर महिन्याला बदलते आणि आज भाजी कोणती ते ठरवते. रूम पार्टनर म्हणजे खोलीतली दुसरी. आणि खाडा. खाडा म्हणजे घरी जायचं असलं की मेसमध्ये आधी सांगून ठेवायचं, त्या दिवसांचं ताट बंद. कॉट, कपाट, नाव मात्र जागच्या जागी.

मी आपली प्रत्येकीला नातं चिकटवायची. वॉर्डन मावशी झाली, सेक्रेटरी जाऊ झाली, रूम पार्टनर तर बहीणच. तू फोनवरच ओरडायचीस.

“बहीन नाई, ईनबाई! बहिनी भांडल्या तं मायबाप मधात पडते. पार्टनर भांडल्या तं दोघींनीच मिटवाचं.”

आणि तसंच झालं. पौर्णिमाची पार्टनर सरिता, दरेकसाची, घरी गोंडी बोलणारी. तिला पहाटे दिवा लावून वाचायची सवय, हिला दिव्यानं झोप येईना. पौर्णिमा फोनवर रडली. मी लगेच म्हटलं, सरिताच्या आईचा नंबर दे, मी बोलते. तू मला गप्प बसवलंस. आठवड्याभरानं पौर्णिमाच म्हणाली, “आजी, मी पन पहाटेच उठतो आता.” दिव्याचं भांडण असं मिटलं. दोघी पहिल्या वर्गात पास झाल्या. तरी मी आजही म्हणते, अंजनाबाई, ती बहीणच. तू नाहीच म्हणणार. चालू दे.

मग दुसऱ्या वर्षीची धानाची रोवणी आली. पाऊस चांगला लागला होता, गावातल्या सगळ्या बाया बांधीत रोपं लावायला. मी न्याहारी घेऊन चालले होते, शेताच्या धुऱ्यावरून पाय सटकला आणि मांडीचं हाड मोडलं. देवरीहून गोंदियाला नेलं, रॉड टाकला, आणि मी घरी येऊन खाटेवर पडले. रोवणी कुणासाठी थांबते? माया बांधीत, विलास बांधीत. मला उठवायला, बसवायला, न्यायला माणूस पाहिजे. विलासनं पोरीला फोन केला, “नाव काटून ये. आजीजवळ राह्य. परीक्षा पुढच्या साली देजो.”

पुढच्या साली. तुला माहीत, मला माहीत, आपल्याकडच्या पोरींचं पुढचं साल कधी येतं ते.

पौर्णिमा दोन दिवसांनी आली, हातात एक छोटी थैली. मागे तू.

“सामान कोठी हाये?” विलासनं विचारलं.

पौर्णिमा खाली पाहू लागली. तू बोललीस. “होस्टेलात. खाडा लावला हाये. चार दिस आजीले पाहंल अना परत जाईल.”

“मामी, मी नाव काटाले सांगतलं होतं.”

“मी नाई काटू देल्लं. गार्डियन मी हाये.”

“मंग आईचं कोन करंल?”

“मी करतो.”

विलास खाटेच्या कडेवर बसला. “तुमी? लेकीच्या घरी? लोक थुंकतील माह्या तोंडावर, सासूले राबवते म्हनून.”

“जावाईबापू, लोकाईले रोवनी हाये. थुंकाले टाइम कोठी हाये?”

माया दारात उभी होती, पाय चिखलानं भरलेले. तिचं तोंड मी कधी विसरणार नाही. आईनं लेकीच्या घरी एक रात्रही मुक्काम करू नये, ही रीत तू वीस वर्षं इतकी पाळलीस की चहासुद्धा उभ्यानं पिऊन निघायचीस. विलास माझ्याकडे वळला. “आई, तूच सांग. तुले कोन पायजे?”

आता तू नाहीस, म्हणून सांगते. त्या वेळी मला माझी नातच पाहिजे होती. तिचे हात मऊ, तिची सवय, आणि तुझ्यासमोर उघडं पडायची मला शरम. मी पौर्णिमाकडे पाहिलं. ती काहीच मागत नव्हती. कॉलेज सोडायला तयार होऊन आली होती पोरगी, आणि तिच्या थैलीतून पुस्तकाचा कोपरा बाहेर आलेला होता. मी म्हटलं, “खाडाच राहू दे, विलास. नाव नको काटू.”

पदर खोचलास आणि पाणी तापवायला गेलीस. तोवर आपण समोरासमोर बसत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा एका बाजूला बसलो.

चार दिवसांनी पौर्णिमा गेली. आणि मग तू माझ्या खोलीचं होस्टेल केलंस! भिंतीतल्या कपाटाचे दोन भाग केलेस, वरचा माझा, खालचा तुझा. माझ्या लुगड्यांना हात लावायची नाहीस. संध्याकाळी सातला अंगणातून ओरडायचीस, “सुलोचना, हजर?” आणि मला खाटेवरून “हजर” म्हणावं लागायचं, नाहीतर चहा नाही. पहिल्या महिन्याची मेस सेक्रेटरी तू झालीस. लागोपाठ तीन दिवस आंबाडी खाऊ घातलीस. मी तक्रार केली तर म्हणालीस, “निवडनूक पुढच्या महिन्यात हाये, तवा बोलजो.” पुढच्या महिन्यात मी निवडून आले. मतदार माया एकटीच होती. मी खाटेवर बसून भाजी निवडायची आणि तुला हुकूम सोडायची. सांगू का, नवरा गेल्यापासून मी इतकी हसले नव्हते.

आणि शेजारच्या बाया आल्या, तोंडाला पदर लावून, बघायला. त्यातली एक म्हणालीच, “काय व अंजनाबाई, लेकीच्या घरी राहून राहिली?”

“लेकीच्या घरी नाई व. रूम पार्टनरच्या रूमवर राहून राहिली.”

“थे कोन?”

“हे काय, लंगडी.”

बायांना काही कळलं नाही, पण त्या हसल्या. आणि हसल्या की माणसाचं बोलणं संपतं, हे तुला पक्कं ठाऊक होतं. त्याच दिवशी मला म्हणालीस, “पार्टनरले तुमी नाई म्हनत. तू म्हन.” मी म्हटलं, ईनबाईला तू कसं म्हणू, नातं आहे. तू म्हणालीस, इथं नातं नाई, म्हनून तं मी राहू शकतो. मी म्हटलं, पार्टनर हेही नातंच. तू म्हणालीस, नाही. कांदे चिरता चिरता सुरू झालेला हा वाद तू मुर्रीला परत गेलीस तरी संपला नाही, फोनवरही चालू होता. आता एकटीच वाद घालते तर मजा येत नाही.

माझ्या अंगावर तू पहिल्यांदा पाणी घातलंस, तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं होतं. तू म्हणालीस, “मीबी भिंतीकडंच पाहून राहिली, लाजू नको.” खोटं बोललीस. पाठ अगदी नीट चोळलीस. त्याचे आभार मी मानले नाहीत. आपल्यात आभार मानायची पद्धत नाही, असं म्हणून सुटले. ही पद्धतही तू असतीस तर मोडायला लावली असतीस.

पौर्णिमाचा निकाल लागला तेव्हा तू होतीस, हे किती बरं झालं. दोन्ही घरांतली पहिली पदवी. तू मुर्रीत पेढे वाटलेस आणि वॉर्डनलाही एक नेऊन दिलास. तिनं तो तोंडात टाकला, लुगड्यासारखं नियम-नियम केलं नाही. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला चिचगडला येते म्हणालीस, नाटक बघू, रात्रभर बसू. मी तुझ्यासाठी पुढची जागा धरणार होते.

मग तू गेलीस. ते मी लिहीत नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझी सून माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “मामी, पौर्णिमासाठी मी खोली झाडून ठेवली होती त्या साली. आईनंच कुलूप लावलं.” इतकी वर्षं त्या बिचारीवर संशय घेऊन बसले होते मी. परतताना बसमध्ये मायाला विचारलं, तुझ्या आईनं असं का केलं. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “मले आईनं अकरावीले आमगावले मामाकडे ठेवलं होतं न. आपल्या सख्ख्या भावाकडे. दोन वरसं मी त्याईच्या घरचे भांडे घासले. कोनी जबरदस्ती नाई केली, मलेच बसून खाची लाज वाटे. नापास झाली. मंग तुमच्या घरी देल्लं.”

अंजनाबाई, हे तू मला कधीच का नाही सांगितलंस? तू पोह्यांवर कोथिंबीर टाकत होतीस, तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढे आपली लेक भांडी घासत होती. तू घाबरत होतीस ती आपल्याच घराच्या मायेला. सांगितलं असतंस तर मी इतकं भांडले नसते. पण कदाचित म्हणूनच सांगितलं नसशील. लेकीच्या सासूपुढे लेकीचं नापास होणं कसं मांडणार? पार्टनरपुढे मांडलं असतंस, अजून थोडे दिवस मिळाले असते तर. असं मी आपलं मानते.

आता तुला बातमी देते, तिच्यासाठीच इतकं लिहिलं. पौर्णिमाला नागपूरला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात खोली मिळाली. मी काठी घेऊन सोडायला जाते म्हणाले, तर पोरगी म्हणाली, “आजी, कोनी येऊ नका. मले समजते सगळं.” एकटी गेली. ट्रंक तिनंच बसवर चढवली. माया दिवसभर घरात या खोलीतून त्या खोलीत.

काल संध्याकाळी मी फोन लावला. एका दमात विचारायला लागले. पोहोचलीस का, पार्टनर कोण, कुठली, मेस कशी, वॉर्डन कशी, पाणी किती वेळ येतं. मागून पोरींचा गलबला ऐकू येत होता, कुणीतरी पौर्णिमाला नावानं हाक मारत होतं, अगदी जुनी ओळख असल्यासारखी. ती इकडे मला हो-हो म्हणत होती आणि तिकडे कुणाला तरी “आले, आले” म्हणत होती. माझा प्रश्न अर्धा तोंडात होता.

“आजी, ठेवतो आता. पोरी जेवाले थांबल्या हायेत.”

आणि अंजनाबाई, पोरीनं फोन कापला! माझ्या तोंडावर, माझं बोलणं न संपवू देता, घरच्या मोठ्या माणसाचा फोन कापला, जराही लाज न वाटता. मी काठी न घेता उठले. अंगणात गेले, माया धान पाखडत होती, तिला ओरडून सांगितलं, “माया, तुह्या पोरीनं माहा फोन कापला!” ती घाबरली. मग माझं तोंड पाहून हसायला लागली, आणि सूप बाजूला ठेवून रडायला लागली. आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो. शेजारची विचारत होती, काय झालं व, काय झालं?

मी म्हटलं, जिंकलो.